सोमवारी घारापुरी बंद असते, हे सोलापूरच्या फलाटावर लिहा

प्रति,
मा. पर्यटन संचालक,
महाराष्ट्र शासन, मुंबई

प्रत कार्यवाहीसाठी : मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बृहन्मुंबई महानगरपालिका, महाराष्ट्र सागरी मंडळ, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण

विषय : दोघादोघांनी मुंबई पाहायला येणाऱ्यांना निघण्याआधीच माहिती मिळण्याबाबत

महोदय,

परीक्षा संपल्या किंवा दिवाळीची सुट्टी लागली, की मुंबईकडे येणाऱ्या रात्रीच्या गाड्यांत एक जोडी हमखास दिसते. दोन मैत्रिणी, दोन मित्र, कधी एकाच ऑफिसातले दोघे. पाठीवर सॅक, मोबाइलमध्ये ठिकाणांची यादी, हाताशी दोन किंवा तीन दिवस. टूर कंपनीची बस नाही. नातेवाईक आहेत, पण ते विरारला नाहीतर बदलापूरला. शाळेच्या सहलीला शिक्षक असतात, परदेशी पाहुण्याला गाइड असतो. या दोघांना कुणी नसतं. अशा पाहुण्यांना मुंबई दाखवण्याचं काम आमच्याकडे वर्षानुवर्षं येतं, म्हणून हे पत्र.

आमचं म्हणणं एकच आहे. प्रत्येक खात्याची माहिती आपापल्या जागी बरोबर असते, पण ती खात्यानुसार लावलेली असते. पाहुण्याचा दिवस मात्र वाराने आणि घड्याळाने चालतो. त्यामुळे 'आज बंद' ही माहिती त्याला बंद दारासमोर मिळते. ती आधी, म्हणजे त्याच्या गावात, तिकीट काढण्यापूर्वी मिळायला हवी.

सोमवारचंच घ्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या पोटातली कान्हेरी लेणी सोमवारी बंद. वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी बंद. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग बंद आणि तिला खेटून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद, त्यामुळे एक हुकलं तर शेजारचं पाहू म्हणायची सोय नाही. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद असते. हा पोटनियम मुंबईकरांनाही धड ठाऊक नसतो. उलट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा उघडं असतं. म्हणजे सोमवारी काय पाहायचं याला उत्तर आहे, फक्त ते एका कागदावर हवं.

सोमवार एवढा महत्त्वाचा का, तर रजा तशी पडते. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायची, ही नोकरदारांची रीत. शनिवारी सकाळी उतरायचं, त्या दिवशी गेटवे आणि मरीन ड्राइव्ह. रविवारी बाकीचं शहर. आणि 'रविवारी बोटीला गर्दी असेल' असा शहाणा विचार करून घारापुरी सोमवारी ठेवायची. विचार अगदी रास्त आहे आणि त्यानेच सहल फसते.

रविवारची गंमत वेगळी. मध्य रेल्वेच्या मुख्य आणि हार्बर मार्गावर देखभालीसाठी रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी साडेतीन-चार. पश्चिम रेल्वेवर त्याचं नाव जम्बो ब्लॉक. त्या वेळात जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात किंवा धीम्या जलदवर. वळवलेली गाडी मधल्या काही स्टेशनांवर थांबत नाही, आणि हार्बरचा एखादा टप्पा पूर्णच बंद असतो. रूळ दुरुस्त व्हायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्लॉकची बातमी एक-दोन दिवस आधी मुंबईच्या वर्तमानपत्रांत येते, आणि नांदेडहून निघालेला माणूस ती वाचत नाही. त्याचा मोबाइल नंबर आरक्षणामुळे रेल्वेकडे आधीच आहे. शनिवारी-रविवारी मुंबईत उतरणाऱ्या आरक्षित प्रवाशाला एक मराठी संदेश जावा : उद्या अमुक ते अमुक वेळेत या दोन स्टेशनांच्या मध्ये ब्लॉक आहे, पर्याय हा. ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण चालू आहे. साडेतेहेतीस किलोमीटर, 27 स्थानकं, भाडं 10 ते 70 रुपये, आणि रेल्वेच्या ब्लॉकशी तिचा संबंध नाही. दादर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी ही पाहुण्यांची निम्मी यादी तिच्यावर येते. हे पाहुण्याला रविवारी सकाळी कळलं तर दिवस वाचतो.

आता सकाळचे चार तास. सगळ्यात जास्त माणसं इथे हैराण होतात आणि याच्याकडे लक्ष सगळ्यात कमी. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर, कोल्हापूर इकडून येणाऱ्या रात्रीच्या गाड्या साधारण पहाटे सहा ते सकाळी आठच्या दरम्यान पोचतात. संग्रहालयं दहानंतर उघडतात. हॉटेलची खोली दुपारी बाराला मिळते. आधी हवी तर बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. मधल्या वेळात रात्रभर प्रवास केलेल्या दोघांना तीन गोष्टी हव्या असतात : आंघोळ, बॅग ठेवायला जागा आणि स्वच्छ संडास. तिन्ही स्टेशनातच मिळू शकतात, पण अटी माहीत असल्या तर.

रेल्वेची विश्रामकक्षं आणि डॉर्मिटरी आयआरसीटीसीवरून आधी आरक्षित होतात. त्यासाठी कन्फर्म किंवा आरएसी पीएनआर लागतो. म्हणून दोघांनी तिकीट एकाच पीएनआरवर काढावं, नंतरची कटकट वाचते. अमानती सामानघरात बॅग ठेवायची तर प्रवासाचं तिकीट, ओळखपत्र आणि बॅगेला कुलूप पाहिजे. नेमकं कुलपावर घोडं अडतं. हल्लीच्या सॅकच्या दोन चेन समोरासमोर येतात, पण कित्येकींच्या चेनच्या पट्ट्यांना भोकच नसतं. कडी अडकवायची कशात? काउंटरवरचा माणूस मान हलवतो, मागची रांग चुळबुळते, आणि मग जिन्याखालच्या दुकानातून साखळी-कुलूप आणायची पळापळ. कापडी पिशवी आणि गोणी तर घेतच नाहीत. नाशवंत खाणं बॅगेत चालत नाही, म्हणजे दिवाळीत वाटेसाठी दिलेला डबा आधी बाहेर काढायचा. यातलं काहीच अवघड नाही, मात्र घरी बॅग भरतानाच माहीत हवं : 'मुंबईत दिवसभर सामान ठेवायचं असेल तर कुलूप लागेल अशी बॅग आणा.' एका ओळीचं काम आहे. सकाळी सहा ते दहा या वेळात सीएसएमटी, दादर आणि मुंबई सेंट्रलला पैसे देऊन वापरायची न्हाणीघरं वाढवावीत, निम्मी बायकांसाठी, ही मागणीही इथेच नोंदवतो.

उतरायचं कुठे, हाही प्रश्न साधा नाही. मुंबई सेंट्रल हे स्टेशन मध्य रेल्वेवर नाही, पश्चिम रेल्वेवर आहे. नावावरून फसून कितीतरी जण परतीच्या गाडीसाठी भलत्याच स्टेशनात उभे राहतात. कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला लोकल स्टेशन नव्हे. त्याला जवळचं स्टेशन हार्बरवरचं टिळकनगर. दादरचे फलाट डिसेंबर 2023 मध्ये एका ओळीत मोजायला घेतले : 1 ते 7 पश्चिम, 8 ते 14 मध्य. त्याआधी दोन्ही बाजूंना एक नंबर होता, आणि जुनी माहिती वाचून आलेला माणूस अजून 'मध्य रेल्वेचा एक नंबर' शोधत पुलावर फिरतो.

सीएसएमटीला 18 फलाट आहेत. 1 ते 7 लोकलचे, 8 पासून पुढे लांब पल्ल्याचे. लोकलमध्ये 1 आणि 2 हार्बरचे. इथे एक सापळा आहे. राणीच्या बागेला जायचं म्हणून भायखळ्याचं पाच रुपयांचं तिकीट काढलं आणि समोर उभी दिसली म्हणून हार्बरची गाडी पकडली, तर मशीद आणि सँडहर्स्ट रोडपर्यंत सगळं बरोबर वाटतं. त्यानंतर गाडी फाटा घेते आणि डॉकयार्ड रोड, शिवडीकडे निघते. भायखळा मुख्य मार्गावर आहे, तिथे धीमी गाडी थांबते आणि जलदही थांबते. हार्बरची मात्र तिकडे फिरकतच नाही. फलाट 1 आणि 2 च्या तोंडाशी 'ही गाडी भायखळा, दादरला जात नाही' एवढी पाटी मोठ्या अक्षरांत लावा. मुंबईकराला ती हास्यास्पद वाटेल. वाटू द्या.

तिकिटाचंही तसंच. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही, स्टेशनात शिरण्याआधी काढावं लागतं, आणि काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. नवखा माणूस नेमका उलटं करतो : आधी फलाट शोधतो, मग तिकीट काढायला जातो, ॲप नकार देतं, आणि तेवढ्यात तपासनीस समोर. पहिल्या वर्गाच्या डब्यात चुकून चढण्याचंही कारण साधं आहे. गर्दीत तोच डबा रिकामा दिसतो. डब्यावरचे आणि फलाटावरचे तिरके पट्टे कशासाठी आहेत हे बाहेरगावच्या माणसाला कोण सांगणार? दंड किमान 250 रुपये आणि वर भाडं. दोघे असले की दुप्पट. उपनगरी रेल्वेचं एक, तीन आणि पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं, ज्यावर कितीही वेळा चढा-उतरा. दर वेळी रांगेत उभं राहायची दगदग त्याने वाचते. खिडकीवर गर्दी सांभाळणारा कर्मचारी ते आपणहून सुचवेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून त्याचा दर खिडकीच्या काचेवर असावा.

आणि चुकामूक. दोघांच्या सहलीत ही होतेच, आणि ती बायकांच्या डब्यात, तो दुसरीकडे, असं असलं की जास्तच. एक चढला, दुसरा राहिला. चढलेला घाबरून पुढच्या स्टेशनवर उतरतो. राहिलेला मागची गाडी पकडतो. ती जलद निघाली तर त्या स्टेशनवर थांबतच नाही. मग दोघे एकमेकांना ओलांडत राहतात, आणि एकाच्या फोनची बॅटरी संपलेली असते. आम्ही पाहुण्यांना एकच नियम सांगतो : काही झालं तरी मधे उतरायचं नाही, जिथे जायचं ठरलंय त्या स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटायचं. हा नियम तुमच्या पत्रकात छापा. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ तिकडून परतणाऱ्या गाड्यांत सामान घेऊन चढू नका, हेही. दोघांना त्या वेळी टॅक्सी परवडते. काळी-पिवळीचं किमान भाडं दीड किलोमीटरला 31 रुपये, म्हणजे डोई साडेपंधरा. एसी बसचं किमान तिकीट 12 रुपये आहे. फरक चहाच्या कपाएवढाही नाही. फक्त मीटर टाकायला लावायचं. सीएसएमटीहून गेटवे अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. मीटरने साठ रुपयांच्या आतबाहेर होतात. स्टेशनबाहेर ठोक भाडं सांगतात त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. असे पाच-सहा आकडे बाहेर पडण्याच्या दारावरच लिहिले तर घासाघीस आपोआप थांबेल. रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाहीत, शीव आणि वांद्र्याच्या अलीकडे मिळत नाहीत, हेही त्याच पाटीवर लिहा. पुण्या-नाशिकचा माणूस पहिली दहा मिनिटं रिक्षाच शोधत असतो.

घारापुरीकडे परत येतो, कारण दोन दिवसांच्या सहलीतला निम्मा दिवस तीच घेते. गेटवेहून बोट साधारण नऊला सुटू लागते. जायला एक तास, यायला एक तास. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, 10 रुपये. चालतही जाता येतं. पुढे 120 च्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि डोक्यावर ताडपत्री. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट, भारतीयांना 40 रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना मोफत. पहिलं लेणं नीट पाहायचं, म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीच्या त्या त्रिमुखी सदाशिवासमोर थोडं थांबायचं आणि भोवतीची शिल्पं एकेक करून पाहायची, तर तास-दीड तास लागतो. वर टेकडीवरच्या जुन्या तोफेपर्यंत चढायचं तर आणखी पाऊण तास. म्हणजे गेटवे ते गेटवे पाच तास. शेवटची परतीची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. हे गणित मांडलं की दिसतं, दुपारी दोनची बोट पकडणारा माणूस लेण्यात चारच्या आगेमागे पोचतो आणि घड्याळाकडे बघत परत फिरतो. त्याला दोनची बोट मिळते म्हणून तो जातो. 'आता गेलात तर लेण्यात तासभरसुद्धा मिळणार नाही' असं कुणी त्याला सांगत नाही.

या एका फेरीत पैसे किती ठिकाणी द्यावे लागतात ते मोजा. बोटीचं तिकीट एक. बोटीच्या वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे. छोट्या गाडीचे वेगळे. ग्रामपंचायतीचा कर वेगळा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट शेवटी, पायऱ्या चढून धापा टाकताना. प्रत्येक रक्कम किरकोळ आणि योग्य आहे, पण रांगा पाच. बोट, गाडी, कर आणि लेणी यांचं एकच तिकीट गेटवेला मिळावं, पैसे तुम्ही आपसांत वाटून घ्या. 18 डिसेंबर 2024 च्या बोट दुर्घटनेनंतर जीवरक्षक जॅकेटचा आग्रह वाढला, तो तसाच राहावा. गर्दीच्या दिवशीही, उकाड्यातही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात, तो निर्णय त्या दिवशी सकाळी होतो. तेव्हा तो सकाळी साडेसातपर्यंत एका ठरलेल्या फोन नंबरवर मराठीत ऐकायला मिळावा. आणि माकडं. वर खाण्याची पिशवी हातात धरून चढू नका, पाण्याची बाटलीसुद्धा सॅकमध्ये ठेवा. हे पायथ्याशी लिहून उपयोग नाही, पिशवी तोवर हातातच असते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणून कायमची पाटी चालणार नाही, रोजचा फळा हवा. वरळीत 'नेहरू' दोन आहेत, तारांगण आणि विज्ञान केंद्र. आवारं वेगळी, दारं वेगळी, सुट्टीचे दिवस वेगळे, त्यामुळे टॅक्सीत बसताना पूर्ण नाव सांगायला हवं. मलबार हिलवर मार्च 2025 मध्ये सुरू झालेला 485 मीटरचा लाकडी निसर्गमार्ग सुंदर आहे, तिकीट 25 रुपये, पण वेळ ऑनलाइन आधी ठरवावी लागते. कमला नेहरू पार्कपर्यंत चढून आलेल्याला हे दारात कळतं. तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे आणि तरीही कित्येक याद्यांत पहिल्या पाचात आहे. बंद ठिकाणांची नावं तुमच्या साहित्यातून काढा, आणि काढली आहेत हे जाहीर करा, म्हणजे बाकीचेही काढतील. खाण्याबद्दल मात्र या पत्रात काही मागणं नाही. ते खातं मुंबई स्वतः सांभाळते.

तर मागणी अशी. एक पान. मराठीत, मोठ्या अक्षरांत. वरच्या अर्ध्यात सात वार, प्रत्येक वारी काय बंद आणि काय उघडं. खालच्या अर्ध्यात सकाळी सहा ते रात्री दहाचं घड्याळ : कधी सामान कुठे ठेवता येतं, कोणत्या वेळी कोणत्या दिशेची लोकल टाळायची, घारापुरीची शेवटची उपयोगाची बोट कोणती. शेवटची बोट आणि शेवटची उपयोगाची बोट यांतला फरक कृपया सांभाळा. पानावर महिना आणि वर्ष छापलेलं असावं, म्हणजे जुनं पान ओळखू येईल. दर तीन महिन्यांनी ते नवं निघावं आणि ते काम एकाच कार्यालयाकडे असावं. सहा खात्यांची समिती नेमलीत तर पहिलं पान निघेपर्यंत दादरचे फलाट पुन्हा नव्याने मोजलेले असतील.

ते मुंबईत चिकटवू नका. सोलापूर, कोल्हापूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नागपूर, रत्नागिरी इथल्या आरक्षण खिडक्यांवर आणि एसटी स्थानकांवर लावा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. कोणत्या वारी निघायचं हे माणूस त्या खिडकीसमोर उभा राहून ठरवतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठीचं पान गणपतीच्या आधी लागायला हवं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीसाठीचं फेब्रुवारीत. मजकूर तपासून द्यायला, वेळा प्रत्यक्ष जाऊन पडताळायला आणि दर तीन महिन्यांनी फरक कळवायला आम्ही तयार आहोत. मानधन नको. चुकीची वेळ छापली गेली तर ती दुरुस्त करायचा अधिकार कुणाकडे आहे, तेवढं नाव मात्र आम्हाला लेखी कळवावं.

कळावे,
बाहेरगावच्या पाहुण्यांना मुंबई दाखवणारे काही मुंबईकर